कार्ड साताऱ्यात, घर ठाण्यात

ठाणे म्हटलं की फौज कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तलाव येतात, घोडबंदरची कोंडी येते, फार तर मामलेदारची मिसळ. फौजी जिल्हा म्हणजे सातारा. तिथल्या अपशिंगे गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यानंतर कोल्हापूर आणि सांगली. सगळे असंच धरून चालतात आणि सरकारी कागदही तसंच धरून चालतो. पण कळव्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्याही टॉवरच्या गेटवर, बँकेच्या दारात पहाटेच्या शिफ्टला उभ्या असलेल्या माणसाला विचारून बघा, "कुठली पलटण?" पुष्कळदा तो आधी पाय जुळवतो, मग उत्तर देतो.

मी सिग्नल्समध्ये क्लार्क होतो, सुभेदार होऊन पेन्शनवर आलो. बायकोची नोकरी ठाण्यात, म्हणून गाव सोडून इथेच राहिलो. पलटणीत क्लार्कला 'बाबू' म्हणतात, त्यात प्रेम कमी आणि गरज जास्त. ती गरज इथेही माझ्या मागे आली. कोणाचं पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नाव चुकलेलं, कोणाचं 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर हयातीचं काम अडलेलं, कोणाला ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड हवं. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडून बसायला लागलो. सोबतीला नेव्हीतला एक रिटायर पेटी ऑफिसर आणि एअर फोर्समधला एक वॉरंट ऑफिसर. तिन्ही दलं झाली, म्हणून आम्हीच आम्हाला 'जॉइंट कमांड' म्हणायचो.

दिल्लीची कामं आम्हाला जमत होती, ती शिकवावी लागत नाहीत. पेन्शन, फौजी कँटीन, ईसीएचएस यांतलं काय कुठे अडतं हे फौजीला पाठ असतं. 'वन रँक वन पेन्शन'साठी २०१५ साली आमचे लोक जंतरमंतरवर जाऊन बसले, महाराष्ट्रातूनही गेले. पण त्याच माणसाची घरपट्टी, अधिवासाचा दाखला, मुलीची इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची डिफेन्स कोट्यातली सीट, गावच्या जमिनीची मोजणी हे सगळं राज्याच्या हातात असतं. तिथे मात्र तो पार नवखा. युनिफॉर्म उतरवला की माणूस दिल्लीच्या ताब्यातून मुंबईच्या ताब्यात येतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. 'केंद्रीय सैनिक बोर्ड' दिल्लीत, त्याचे अध्यक्ष संरक्षणमंत्री. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात. मंत्रालयात हा विषय सामान्य प्रशासन विभागाकडे. जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि तिथल्या मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. एवढी शिडी तोंडपाठ व्हायलाच आम्हाला बराच काळ लागला.

घरपट्टीचं प्रकरण सुरू झालं ते २०२० च्या योजनेवरून. राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली. त्याआधी घरपट्टीची माफी शौर्यपदकवाले आणि सैनिकांच्या विधवा एवढ्यांपुरती होती, आता ती सगळ्याच माजी सैनिकांना लागू झाली. अटी ऐकायला सोप्या. राज्यात एकाच घराला माफी, तेही भाड्याने दिलेलं नको. महाराष्ट्रात १५ वर्षांचा अधिवास. आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला. १५ वर्षांचं वाचून आमच्यातला एक नायब सुभेदार भडकला. "साहेब, मी लेह, तेजपूर, भटिंडा करत फिरलो ते काय हौसेने?" त्याला शांत केलं. जन्म आणि शाळा महाराष्ट्रातली असेल तर तहसील कचेरीतून अधिवासाचा दाखला निघतो, बहुतेकांचा निघालाही. खरी गाठ शेवटच्या अटीत होती. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, पण कुठल्या जिल्ह्याचा?

जवान पेन्शनवर येतो तेव्हा आपल्या गावच्या जिल्ह्यात नाव नोंदवतो. तिथे त्याचं रेकॉर्ड कार्ड तयार होतं, त्यावरून ओळखपत्र मिळतं. मग तो पोटासाठी ठाण्याला येतो, सिक्युरिटीत लागतो, दहा वर्षांनी वन आरके घेतो, आणखी काही वर्षांनी वन बीएचके. कार्ड मात्र साताऱ्यातच. त्याचं काही अडत नाही, कारण पेन्शन बँकेत येते आणि कँटीनला जिल्हा विचारत नाहीत. अडतं ते राज्याकडे काही मागायला गेल्यावर.

मराठा पलटणीतला एक हवालदार माझा दोस्त होता, तो गेल्यावर त्याच्या बायकोचं काम माझ्याकडे आलं. वहिनी मला भाऊजी म्हणतात. त्यांच्या घरी गेलो तर टीव्ही ज्याच्यावर ठेवलाय ती काळी ट्रंक. वर क्रोशाचा रुमाल, खाली पांढऱ्या रंगाने रंगवलेला नंबर, रँक, नाव. टीव्ही खाली उतरवून ट्रंक उघडली. कापडाच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, आत घडी घालून घालून चिरलेला पीपीओ, पदकांची डबी, आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसची पत्रं सुतळीने बांधलेली. पीपीओवर वहिनींचं माहेरचं नाव, आधारवर सासरी ठेवलेलं. फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट अजून त्याच्याच नावावर, घरपट्टीचं बिलही त्याच्याच नावाने येतंय. आणि ओळखपत्र साताऱ्याचं.

नावाचं काम आधी काढलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, बेळगावला अर्ज. ते यथावकाश झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सोसायटीने नॉमिनेशनवरून शेअर सर्टिफिकेट बदलून दिलं. हा टप्पा लोक गाळतात. नवरा गेल्यावर बाई पेन्शनसाठी धावपळ करते, पण सोसायटीच्या कागदावर आणि पालिकेच्या बिलावर तो वर्षानुवर्षं जिवंतच असतो. घर वहिनींच्या नावावर होईपर्यंत माफीचा अर्ज कोणीच हातात घेणार नव्हतं.

मग पालिका. कुठली ते सांगत नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत, त्यांतली एक. खिडकीवरच्या पोराने कागद चाळले, उद्धटपणा अजिबात केला नाही. फक्त म्हणाला, "आजी, हे साताऱ्याचं आहे. ठाण्याचं आणा." त्याच्या टेबलाच्या काचेखाली कागदपत्रांची यादी होती, त्यात 'जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, ठाणे' असंच छापलेलं. यादीपुढे तो तरी काय करणार?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक नावाचं एक पद असतं. माजी सैनिकांची दारं झिजवायचं काम त्यांचं, आणि ते स्वतःही फौजीच असतात. आम्हाला भेटले ते आमच्यातल्यासारखेच बोलले. "साहेब, नाव इकडे वर्ग करून घ्या. तिकडचं कार्ड इकडे आलं की दाखला आम्ही देऊ. पण तुमचे लोक करतच नाहीत." मी म्हटलं, का करत नाहीत? ते हसले. "तुम्हीच विचारा त्यांना."

पुढच्या रविवारी विचारलं. इतका वेळ एकमेकांना 'रामराम साहेब' करणारी माणसं एकदम तावातावाने बोलायला लागली. सातारचं नाव कमी करायचं? एक काका म्हणाले, माझा बाप त्या ऑफिसात नोंदलेला, आजोबा नोंदलेला, मीच काढू? दुसऱ्याला वाटत होतं, नाव गेलं की गावच्या जमिनीवरचा हक्क जाईल. त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही, पण तसं वाटणारे पुष्कळ. तिसऱ्याचा मुद्दा मात्र मला पटला. म्हातारपणी आपण गावीच जाणार, मग परत तिकडे वर्ग करत बसायचं का? ठाण्यात तीस वर्षं राहून माणूस इथे पाहुणाच असतो. हे फक्त फौजींचं नाही, सगळ्या चाकरमान्यांचं आहे, पण फौजीच्या बाबतीत त्याचा हिशेब सरकारदरबारी दिसतो.

तो हिशेब बघायचा म्हणून माहितीचा अधिकार लावला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत. महाराष्ट्राचा हा नियम लोकांना जाचक वाटतो, मला क्लार्क म्हणून आवडतो. विचारलं एवढंच, जिल्ह्यात किती माजी सैनिक आणि किती विधवा नोंदलेल्या आहेत, तालुकावार. उत्तर मुदतीत आलं. आकडा आमच्या अंदाजाच्या जवळपासही नव्हता. आम्ही ज्यांना तोंडाने ओळखतो, त्यांच्यातलेच कितीतरी त्यात बसत नव्हते. त्या दिवशी आमच्या कमांडचं धोरण बदललं. तोवर आम्ही मागण्या लिहीत होतो. पण जो जिल्ह्याच्या यादीतच नाही, त्याच्या नावाने कोणाकडे आणि काय मागणार? पेटी ऑफिसर म्हणाला, "पहिले फॉलिन, मग रिपोर्ट." गिनती लागल्याशिवाय परेड सुरू होत नाही, हे त्याचं म्हणणं.

याच सुमारास अंबरनाथहून काही मंडळी आली. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, १९५३ पासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, पिढ्यान् पिढ्या संरक्षण खात्यात काम केलेली घरं आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हापासून त्यांचे वेगळे प्रश्न. ते म्हणाले, आम्हालाही तुमच्या निवेदनात घ्या, तोफगोळे आम्हीच बनवले. भावना खरी होती. पण माजी सैनिकाच्या व्याख्येत नागरी कर्मचारी बसत नाहीत, आणि एका अर्जात दोन व्याख्या घातल्या की मंत्रालयात दोन्ही लटकतात. चहा पाजून नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं, मलाही. कोलशेतच्या एअर फोर्स स्टेशनच्या आजूबाजूला राहणाऱ्यांचा बांधकामाच्या मर्यादेचा विषयही असाच बाजूला ठेवला. तो तर थेट संरक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांचा, तिथे आमची मात्रा चालत नाही.

मधल्या काळात लोकशाही दिन करून पाहिला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. आम्ही सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन तयार करून नेलं तर कळलं की तक्रार वैयक्तिक हवी, सामुदायिक चालत नाही. सुरुवातीला राग आला, मग लक्षात आलं की हे आमच्याच फायद्याचं आहे. ज्याची अडचण त्याचा अर्ज, त्यावर त्याचा नंबर, रँक, घराचा पत्ता. सामुदायिक निवेदनाला 'विचार करू' म्हणता येतं, एका विधवेच्या घरपट्टीच्या बिलाला म्हणता येत नाही. वहिनींचा अर्ज त्यात घातला.

आता मुंबई. आमदारांच्या कार्यालयात गेलो तेव्हा त्यांच्या स्वीय सहायकाने पहिला प्रश्न केला, "तुमची संघटना रजिस्टर्ड आहे का?" नव्हती. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, असा सल्ला अनेकांनी दिला होता. मी मुद्दाम टाळली. नोंदणी झाली की अध्यक्ष येतो, अध्यक्ष आला की निवडणूक येते, निवडणूक आली की दोन संघटना होतात. फौजी सर्व्हिसमध्ये शिस्तीत राहतो, पेन्शनवर आला की सगळी कसर भरून काढतो. दुसरा प्रश्न होता, "मतदार किती?" हा मात्र रास्त. माहितीच्या अधिकारातला आकडा दाखवून चाललंच नसतं. आम्ही वर्ग करून घेतलेल्या नव्या नोंदींची यादी दाखवली, मतदारसंघाप्रमाणे लावलेली. स्वीय सहायकाने ती नीट वाचली. शिफारसपत्र मिळालंच, वर सांगितलं की अधिवेशनात प्रश्न टाकू, कारण प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं.

निवेदनाचा मसुदा मीच केला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. फौजी पत्र म्हणजे नंबर घातलेले परिच्छेद, विनंती सगळ्यात शेवटी. मंत्रालयाचं पत्र वेगळं. तिथे विषय आणि संदर्भ या दोन ओळींवर निम्मं भवितव्य ठरतं. दुपारी दोननंतर पास काढून आत गेलो. एका कक्ष अधिकारी बाईंनी आमचा कागद उभ्या उभ्या वाचला आणि पेन काढलं. संदर्भात आम्ही सापडतील तेवढे शासन निर्णय घातले होते, त्यांनी एक सोडून सगळे खोडले. "एवढे संदर्भ दिले की प्रत्येक विभाग म्हणणार, हा दुसऱ्याचा विषय. नगरविकासचा एक ठेवा, प्रत सामान्य प्रशासनला द्या. आणि मागणी पहिल्या परिच्छेदात आणा. खालपर्यंत कोण वाचतं?" अशी एक बाई प्रत्येक मजल्यावर असती तर महाराष्ट्राचं बरंच काम हलकं झालं असतं. कँटीनमध्ये बसून पेटी ऑफिसरच्या पाठीवर कागद ठेवून नवा मसुदा लिहिला, खाली उतरून टाइप करून आणला.

मागण्या शेवटी दोनच उरल्या. एक, माजी सैनिक राज्यात कुठल्याही जिल्ह्यात नोंदलेला असो, दाखला राहत्या जिल्ह्यातून मिळावा आणि दोन कार्यालयांनी आपसात पडताळणी करावी, सत्तर-पंचाहत्तरीच्या बाईला साताऱ्याची एसटी धरायला लावू नये. दोन, पालिकांनी कागदपत्रांची एकच यादी ठरवून ती सगळ्यांना दिसेल अशी लावावी. तिसरी मागणी होती, एकदा मंजूर झालेली माफी दरवर्षी नव्याने मागायला लावू नका, हयातीच्या दाखल्यावर चालू ठेवा. ती मी काढायला लावली. वॉरंट ऑफिसर अजून त्यावरून माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं, मागायचंच तर पूर्ण मागावं. माझं म्हणणं, एका कागदावर दोनच गोष्टी मंजूर होतात, तिसरी पहिल्या दोघींना घेऊन बुडते.

आवक शिक्का मारून घेतला, ई-ऑफिसचा नंबर वहीत लिहून घेतला. हा नंबर नसेल तर पुढे कोणी ओळख देत नाही. फोनवर 'माजी सैनिक' म्हटलं की समोरचा आदराने बोलतो, नंबर सांगितला की काम करतो.

उत्तर आलं ते आम्हाला नाही, पालिकेला. 'नियमानुसार आवश्यक ती कार्यवाही करून अर्जदारास कळवावे.' प्रत आम्हाला. ज्यांनी फौजेत नोकरी केलीय त्यांना असलं वाक्य नवं नाही. पण त्या एका ओळीचा पालिकेत उपयोग झाला, कारण आता खिडकीवरच्या पोराला यादीबाहेरचा कागद घेण्यासाठी वर एक कागद मिळाला होता. तोवर वहिनींचं कार्डही ठाण्यात वर्ग होऊन आलं होतं, त्यामुळे नक्की कशाने काम झालं हे सांगता येणार नाही. पेटी ऑफिसर म्हणतो मंत्रालयाने, कल्याण संघटक म्हणतात कार्डाने. वहिनींचं मत, लोकशाही दिनाला साहेबांसमोर त्या जे बोलल्या त्याने. त्या काय बोलल्या ते मला ठाऊक आहे, मी शेजारी उभा होतो. "साहेब, मालक सीमेवर होते तेव्हा त्यांचा जिल्हा कोणी विचारला नाही."

आमच्या दोन मागण्यांवर शासनाचा निर्णय अजून झालेला नाही. अधिवेशनातला प्रश्न वेळेअभावी सभागृहात आला नाही, लेखी उत्तरात 'बाब तपासण्यात येत आहे' एवढं मिळालं. सोसायटीच्या हॉलमध्ये मात्र आता महिन्यातून एकदा वर्ग करायच्या अर्जांचा कॅम्प असतो. कल्याण संघटक स्वतः येतात. बापाचं नाव सातारला आहे म्हणणारे काका पहिल्या कॅम्पला आले नाहीत, दुसऱ्याला आले, फॉर्म घेऊन गेले, अजून भरलेला नाही.

कोणाला यायचं असेल तर डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणा. फक्त पहिल्या पानाची आणली तर परत पाठवतात, आणि ती पाठवणी मी करतो. पीपीओ, आधार, घराचं बिल, अधिवासाचा दाखला. विधवा असतील तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर झालंय का ते आधी बघा.

वहिनींचं नवं बिल आलं. सामान्य कराच्या रकान्यात शून्य, पण जललाभ, मलनिस्सारण, शिक्षण कर हे रकाने भरलेलेच. माफी कुठल्या कुठल्या रकान्यांना, हे प्रत्येक पालिका आपापल्या परीने ठरवतेय असं आता दोन-तीन ठिकाणची बिलं शेजारी ठेवल्यावर दिसतंय. ती बिलं मी जमा करतोय. जिल्ह्यातल्या सहाही पालिकांची मिळाली की नगरविकासकडे नवा अर्ज, संदर्भ एकच, मागणी पहिल्या परिच्छेदात.